इडाच्या कोटाची बटणं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. कापाकापीचे सिनेमे पाहणारी माणसं डोक्याने अधू नसतात. मी टोलीडो शहरात शाळेची बस चालवते. आरशातून एकदा मागे बघितलं की अख्खी बस चिडीचूप होते. आणि वर्षातून एकदा, मार्चमध्ये, मी लाल कोट चढवून हायवेवरच्या एका हॉटेलात जाते आणि माझ्यासारख्याच येड्यांशी दोन दिवस घसा बसेपर्यंत भांडते. लोक गोल्फ खेळतात, त्यांना कुणी विचारतं का?

भांडण कशावरून, ते सांगते. दिवेवाल्याचे सिनेमे वेगळे होते, बर्फवाल्याचे वेगळे. दिवेवाला स्वप्नात मारतो. हातात कंदील घेऊन तुमच्या उशाशी बसतो आणि दहापासून उलटे आकडे मोजतो. ज्याने ते ऐकले तो झोपला, परत काही उठला नाही. बर्फवाला मारतो जागेपणी, गोठलेल्या तळ्यावर, बर्फाच्या लाद्या ओढायच्या हुकाने. जन्माचा बहिरा, त्यामुळे बोलणं-चालणं काही नाही. मग कंपनीला हाव सुटली आणि दोघांना एकाच सिनेमात घातलं. त्याला आम्ही जोडपट म्हणतो. दोघं एकाच मुलीच्या मागे लागतात. तिचं नाव इडा, अंगात कायम लाल कोट. शेवटी तिघंही तळ्यावर येतात, बर्फ फुटतो, आणि शेवटच्या दृश्यात इडा डोळे मिटून पलंगावर पडलेली, उशाशी पेटलेला कंदील. सिनेमा खलास. बाकीचे लोक घरी गेले, आम्ही तिथेच अडकलो.

इडाच्या डाव्या हाताला बँडेज असतं. बर्फ फुटल्यावर तेच बँडेज उजव्या हाताला दिसतं. आता तुम्ही म्हणाल, एडिटरने माती खाल्ली असेल. अहो, ते आम्हालाही कळतं, आम्ही काय दूधखुळे आहोत? पण आमच्याकडे एक कायदा आहे: पडद्यावर दिसलं तेवढंच खरं. दिग्दर्शक काय म्हणाला, शूटिंगमध्ये काय घोटाळा झाला, त्याला आमच्यात कवडीची किंमत नाही. पडद्यावर हात बदलला, म्हणजे बदलला. त्याला कारण पाहिजे. त्या कारणावरून आमच्यात दोन तट पडले. एक 'झोपलेले', म्हणजे इडा तिथून पुढे स्वप्नात आहे आणि कधीच उठली नाही असं मानणारे. दुसरे 'जागे'. मी जागी. आणि झोपलेल्यांचा पुढारी, लाइल हॉस्टेटलर, माझा सगळ्यात जुना मित्र.

लाइल काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. अंगाने वाळका, जीभ मात्र चाकू. पहिल्यांदा तोही जागाच होता बरं का! त्याची बायको व्हर्ना आणि तो, दोघंही. मग व्हर्नाचं एक साधं ऑपरेशन निघालं. नाकावर मास्क ठेवला, दहापासून उलटे आकडे मोजा म्हणाले, तिने मोजले, आणि ती उठलीच नाही. कुणाची चूक नव्हती, हृदयच थांबलं. पुढच्या मार्चमध्ये लाइल हॉटेलात आला तो सरळ पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला आणि म्हणाला, "इडा उठलेली नाही." सगळे हसले. मी नाही हसले. त्याला कारण कधी विचारलंही नाही.

तेव्हापासून कंदीलकोर्टात त्याला कुणी हरवलेलं नाही. कंदीलकोर्ट म्हणजे आमच्या मेळाव्याचा मुख्य कार्यक्रम. दोघं समोरासमोर बसतात, दोघांच्या पुढ्यात एकेक कंदील, सेलवर चालणारा, कारण हॉटेलवाले काडी ओढू देत नाहीत. न्यायाधीश नाही, मतदान नाही. ज्याला आपला मुद्दा पडला असं वाटेल त्याने स्वतःच्या कंदिलावर फुंकर मारायची, खालचं बटण दाबायचं आणि म्हणायचं, "जागा झालो." बस्स. मी हे तीनदा म्हणून बसलेय, तिन्ही वेळा लाइलसमोर. चडफडत, पण म्हटलं. तिथे खोटं बोलायचं नसतं.

यंदा मेळाव्याच्या आधीच्या रविवारी त्याची मुलगी कॉरिन माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले.

"रॉक्सी मावशी, बाबांना समजाव. झडप बदलायचीय हृदयाची. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख मिळालीय. डॉक्टर म्हणतात नाही केलं तर उन्हाळा दिसायचा नाही."

"मग अडलंय कुठे?"

"नाही म्हणतायत. कारणच सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, मला भूल नको."

मी चप्पल बदलायलाही थांबले नाही. लाइल स्वयंपाकघरात टोमॅटोचं सूप ढवळत होता. दोन जिने चढल्यासारखा धापा टाकत होता आणि करत काय होता, तर सूप ढवळत होता.

"काय रे म्हाताऱ्या, पोरीला रडवतोस?"

"आलीस का. बस. सूप घे."

"सूप गेलं खड्ड्यात. ऑपरेशनला का जात नाहीस?"

त्याने चमचा कडेला ठेवला. मग हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "रॉक्सी, मास्क लावून उलटे आकडे मोजायला कोण सांगतं?"

"लाइल, तो सिनेमा आहे."

"हो ना. मलाही माहितीय. दिवसा मला सगळं माहिती असतं." त्याने गॅस बंद केला. "डॉक्टर सांगत होता, मी मान हलवत होतो. चांगला पोरगा आहे. आणि मग त्याने आकडे म्हटलं, आणि माझे हातपाय गार पडले. बये, इतकी वर्षं मी भर हॉलमध्ये पुराव्यानिशी सिद्ध करतोय, की ज्याने उलटे आकडे ऐकले तो उठत नाही. एकाला तरी ते खोडता आलं? तुला आलं?"

मला राग आला. मला भीती वाटली की मी चिडतेच, तो स्वभावच आहे माझा. "मूर्खा," मी म्हटलं, "मग जिंकत कशाला राहिलास?"

"हरलो असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "शनिवारी हरव मला. मग जातो गुरुवारी."

"थट्टा करतोस?"

"नाही. पण दयामाया नको. मी सगळा जोर लावणार. माझ्यासाठी खोटा मुद्दा आणलास तर मला तिथल्या तिथे कळेल."

कळलंच असतं. त्याला फसवणं शक्य नव्हतं, आणि हरवणं आजवर जमलेलं नव्हतं. मी त्याचं सूप प्यायले आणि घरी आले.

सोमवार, मंगळवार, बुधवार, बस सोडली की मी जोडपटासमोर. नवरा, डेल, आपला बिचारा मुकाट्याने सँडविच आणून ठेवायचा. काही म्हणजे काही सापडेना. बँडेज उजव्या हाताला, ते दिसतंय, ते नाकारता येत नाही. स्वप्नात दुखणं दुसऱ्या हाताला गेलं, लाइलचा मुद्दा साधा आणि पक्का. मी रिमोट भिंतीवर आपटला. त्याचं झाकण उडालं, सेल सोफ्याखाली गेले.

गुरुवारी सकाळी डेल कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला निघाला. बाहेर बोचरा वारा. खुंटीवर हाताला लागेल ते त्याने चढवलं, आणि तो निघाला माझा इडाचा लाल कोट. तुम्हाला त्या कोटाचं महत्त्व माहीत नाही. आमच्या मेळाव्यात निम्म्या बायका तो घालून येतात, आणि प्रत्येकीने तो पडद्यावर बघून, टाका अन् टाका जुळवून घरी शिवलेला असतो. मी माझा शेवटच्या दृश्यावरून शिवला होता. मी ओरडणारच होते, तर हा बटणं लावत म्हणतो,

"हे काय गं, माझ्या हाताला बरोबर बसतंय. पुरुषाचा कोट शिवलास की काय?"

"शुद्धीवर आहेस का? सिनेमात आहे तस्साच आहे तो!"

"असेल बाई. पण बायकांची बटणं डावीकडे असतात ना? ही उजवीकडे आहेत. माझ्या शर्टासारखी."

तो डबा घेऊन गेलासुद्धा. मी तिथेच उभी. आणि मला बर्नाडेट आठवली. बर्नाडेट म्हणजे अॅक्रनची एक शिष्ट बाई, तीही लाल कोट घालते. तिची बटणं डावीकडे. त्यावरून मी तिला दर वर्षी टोमणे मारते, की बाईसाहेब, सिनेमा डोळे उघडून बघत जा. ती म्हणते, तूच बघ. तिने कोट शिवला होता सुरुवातीच्या दृश्यावरून.

सोफ्याखालून सेल काढले, रिमोटला चिकटपट्टी लावली आणि बसले. त्या दिवशी बससाठी बदली ड्रायव्हर मागवला, आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी उठले तेव्हा मानेला रग लागली होती आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. डेलला मिठी मारली. त्याला वाटलं, कचरा टाकल्याबद्दल.

शनिवारी दुपारी हॉल गच्च. मॉर्ट, जो सगळं चालवतो, त्याने दोन्ही कंदील लावले. लाइल कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, ओठ मात्र निळसर. पहिल्या रांगेत कॉरिन. या खेळावर काय लावलंय ते हॉलमध्ये फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

लाइलने सुरुवात केली ती नेहमीच्याच तोऱ्यात. बँडेज, हात, स्वप्न. मागचे झोपलेले टेबलं बडवायला लागले.

"झालं तुझं?" मी म्हटलं. "आता लाल कोटवाल्या बायांनो, उभ्या राहा सगळ्या."

कुजबुज झाली, पण राहिल्या. "सुरुवातीचं बघून ज्यांनी कोट शिवला त्या खिडकीकडे. शेवटचं बघून शिवला त्या माझ्याकडे." थोडी ढकलाढकली झाली. "मॉर्ट, बटणं बघ."

मॉर्टने खिडकीकडच्या बघितल्या. माझ्याकडच्या बघितल्या. मग परत खिडकीकडे गेला. "च्यायला," तो माइकमध्येच म्हणाला.

खिडकीकडच्या सगळ्यांची बटणं डावीकडे. आमची सगळ्यांची उजवीकडे. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना शिव्या घालत होतो, आणि दोन्हीकडच्या बरोबर होत्या. बर्नाडेट माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. तिने हनुवटी वर केली, शिष्ट ती शिष्टच.

"म्हणजे नुसतं बँडेज नाही बदललं," मी लाइलकडे वळले. "कोटही उलटा झाला. केसांचा भांगही. आरशात दिसतं तसं."

लाइल पुढे वाकला. डोळ्यांत चमक आली होती त्याच्या, आणि मला बरं वाटलं ते बघून. "छान! मग मी काय वेगळं म्हणतोय? इडाने स्वतःला आयुष्यभर बघितलंय कशात? आरशात. स्वप्नात ती स्वतःला तशीच दिसणार. उलट तू माझंच काम केलंस, बये."

झोपलेल्यांनी आरोळी ठोकली. हे येणार ते मला माहीतच होतं.

"स्वतःला दिसेल. पण इडाच्या गावच्या शेरीफचा पोलिसी बिल्ला? तोही दुसऱ्या छातीवर गेलाय. बर्फवाल्याचा हूक? उजव्या हातातून डाव्यात. इडाने शेरीफला कधी आरशात बघितलंय? अख्खं जग कुणाला उलटं दिसतं, लाइल?"

उत्तर त्याला ठाऊक होतं, हॉलमध्ये निम्म्यांना ठाऊक होतं. दिवेवाल्याच्या दुसऱ्या सिनेमात कंदिलाच्या काचेत शाळेची पाटी उलटी दिसते, आणि दिवेवाला म्हणतो की मी जग या काचेतूनच बघतो. आम्ही सगळे हे वाक्य पाठ म्हणतो.

"दिवेवाल्याला," लाइल हळूच म्हणाला.

"मग स्वप्न कुणाचं?"

"थांब." त्याने हात वर केला. "आकडे ऐकल्याशिवाय या सिनेमांत कुणी झोपत नाही. दिवेवाल्यासमोर कुणी मोजले? दाखव."

"त्यानेच मोजले. तळ्यावर, बर्फ फुटायच्या आधी. दहापासून एकपर्यंत, मोठ्याने. तिघं होते तिथे. इडाने दोन्ही हातांनी कान गच्च दाबलेले आहेत, ते दिसतं. बर्फवाला जन्माचा बहिरा. मग आकडे ऐकले कुणी? उरलं कोण, लाइल?"

लाइलचा वर केलेला हात खाली आला.

"एरवी आकडे समोरच्याला लागतात; इथे समोर ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच्याच आकड्यांनी झोपला. पुढचं सगळं त्याचं स्वप्न. मी जिंकलो, पोरगी झोपली, कंदील पेटला. म्हणून सगळं उलटं. आणि खरी इडा त्या दृश्यात नाहीच. ती चालत घरी गेली. आकडे कुणी मोजले म्हणजे तू झोपलास असं नसतं. दिवेवाला तुझ्या उशाशी बसला म्हणजे तू त्याचा झालास असंही नसतं. ती उठलीय, लाइल. ती झोपलीच नव्हती!"

मला तिथे रडायचं नव्हतं, पण आलं रडू, काय करणार.

लाइलने कंदील जवळ ओढला. कॉरिनने दोन्ही मुठी तोंडाशी धरल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "मुद्दा पडला माझा."

हॉल उसळला. मी वाट बघत होते फुंकरीची. त्याने कंदील उचलला, तसाच, पेटता, आणि काखेत घेतला.

"पण विझवणार नाही," तो म्हणाला. "इथे नाही." आणि गेला निघून.

मला असा संताप आला म्हणता! पार्किंगमध्ये त्याच्या गाडीमागे धावले, हातवारे केले, तोंडाला येईल ते बोलले. गाडी गेली. बर्नाडेटने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच काही कुजकट बोलली नाही.

घरी आले. फोन उचलला, ठेवला. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून कात्री घेतली आणि माझा लाल कोट उसवायला बसले. बटणं काढली. उजवीकडे नवी काजं कापली, डावीकडची जुनी बुजवली, बटणं जिथे असायला हवीत तिथे, डावीकडे, दुहेरी दोऱ्याने पक्की लावली. डेल म्हणाला, कशाला? मी म्हटलं, गप्प बस आणि सुई ओवून दे.

बुधवारी कॉरिनचा फोन. "मावशी, त्यांनी बॅग भरलीय. सगळ्यात वर कंदील ठेवलाय."

गुरुवारी सकाळी दवाखान्यात मी लाल कोटात गेले. नर्स बघतच राहिली, बघू दे. लाइल आडवा होता, हाताला नळ्या. मला बघून त्याने माझा हात धरला. त्याचा हात बर्फासारखा गार होता. भुलीची डॉक्टरीण आली, तरुण मुलगी होती.

"आता तुम्ही दहापासून..."

"ते काही मोजणार नाहीत," मी म्हटलं.

"मोजेन," लाइल म्हणाला. "मोठ्याने मोजेन. कॉरिन, तू कान झाक." आणि तो हसला, या वेळी खरं. कॉरिन रडत रडत हसली आणि तिने खरंच दोन्ही हात कानांवर ठेवले. त्याला ढकलत आत नेलं.

नंतरच्या त्या तासांबद्दल मी काही सांगणार नाही. मला आठवायचंही नाही. कॉरिन आणि मी एकमेकींना धरून बसलो होतो, एवढंच.

दुपारनंतर आत बोलावलं. लाइल पांढराफटक पडला होता, नाकात नळी. कंदील कॉरिनने बॅगेतून काढून बाजूच्या टेबलावर ठेवला. अजून पेटलेला. सेल कुणीतरी बदलले असणार, मी विचारलं नाही. बराच वेळ त्याच्या पापण्या नुसत्या थरथरत होत्या. मग डोळे उघडले. त्याने छताकडे बघितलं, कॉरिनकडे बघितलं. ओळख दिसली, पण भीती गेली नव्हती. मला कळत होतं तो काय विचारतोय स्वतःला.

मी त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. सरळ, कोट ताठ करून. त्याची नजर माझ्या गळ्याशी आली आणि हळूहळू खाली उतरली, एकेका बटणावरून. हात उचलून त्याने वरचं बटण चाचपलं. मग माझा डावा हात शोधला आणि धरला, बटणं त्याच बाजूला आहेत ना याची खात्री करून घ्यायला.

त्याने कंदिलाकडे बोट केलं. मी तो त्याच्या तोंडाशी नेला. त्याच्या अंगात जेवढा जीव होता तेवढ्याने त्याने फुंकर मारली. ती काय फुंकर, काचेवर वाफसुद्धा धरली नाही. मी खालचं बटण दाबलं.

"जागा झालो," लाइल म्हणाला.